शेवट कुणाच्या पाठीवर

४ ऑक्टोबर

लेकीनं शेवटी मला टेकडीवाल्यांच्या मंडळात घातलंच. "आई, घरात बसून बसून तू सोफ्यासारखी दिसायला लागली आहेस," म्हणाली. परदेशात राहून फोनवर हे तिला दिसतं. मी म्हटलं, सोफा निदान कुणाला बसायला तरी उपयोगी पडतो. तर म्हणे, "हेच! अगदी हेच म्हणतेय मी!" आणि माझं नाव नोंदवून मोकळी झाली.

आज पहिली टेकडी. माझ्यासकट पाच माणसं. इथे कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. पुढारी आहेत ते वजनमास्तर. जन्म पोस्टाच्या पार्सल खात्यात गेला, आता खिशात स्प्रिंगचा काटा घेऊन फिरतात आणि पाठीवर जाईल ती प्रत्येक वस्तू टांगून पाहतात. सगळ्यांच्या टूथब्रशांच्या दांड्या त्यांनी अर्ध्या कापून टाकल्यात. दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. तिसरे अनाउन्सर. स्टेशनावर आयुष्यभर गाड्या पुकारल्या आणि निवृत्त झाल्यापासून तोंड उघडलेलं नाही. आजारबिजार काही नाही, पुरे झालं एवढंच. चौथे बूटवाले, चपला-बुटांचं दुकान आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे पाहिलं. "अर्धा नंबर मोठा घेतलात तुम्ही," ही आमची ओळख.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते असं सांगितलं. माथ्यावर पोचेपर्यंत माझी हॅलोताई झाली होती.

माथ्यावर यांचा एक रिवाज आहे. चहा ओतण्याआधी वजनमास्तर विचारतात, "सध्या काय वाचताय?" प्रत्येकानं सांगायचं. जो काहीच वाचत नसेल त्यानं किटली खाली न्यायची. डॉक्टरीणबाई केक-बिस्किटांचं पुस्तक वाचताहेत. सगळ्या गावाला गोड बंद करायला लावलंय, त्याचं मन खातं म्हणाल्या. अनाउन्सरनी न बोलता बागकामाचं पुस्तक वर धरलं. राहतात चौथ्या मजल्यावर. वजनमास्तर ज्ञानकोश वाचतात, म्हणजे आज वाचायची तेवढीच पानं फाडून आणतात. "सध्या 'म' चालू आहे. मगर झाली, आता मंगळ." फाडून! मला घेरीच आली. नंतर पाहिलं तर सगळेच फाडतात. वजन कमी होतं.

आमच्या शाळेच्या लायब्ररीत सिस्टर पुस्तक देण्याआधी हात तपासायच्या, दोन्ही बाजूंनी. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की म्हणायच्या, "त्याला दुखलं. आता त्याला सॉरी म्हण." आणि आम्ही पुस्तकाला सॉरी म्हणत असू. या मंडळाला किती सॉरी म्हणावं लागेल, देव जाणे.

बूटवाले म्हणाले, "सुरुवातच केलीय," आणि आपण होऊन किटली उचलली.

मी म्हटलं, "एक रहस्यकथा चालू आहे." खोटं नाही ते. तीन वर्षं चालू आहे.

६ ऑक्टोबर

पाय दुखताहेत. त्या रहस्यकथेबद्दल लिहून ठेवते, म्हणजे डोकं तरी दुखायचं थांबेल.

दिवसभर कानाला हेडफोन लावून घरी आलं की मला अक्षरही वाचवत नसे. म्हणून मी मटार सोलायची आणि हे मोठ्यानं वाचायचे. आवाज काढून. इन्स्पेक्टर नाकातून बोलायचा, बायका सगळ्या सर्दी झाल्यासारख्या. नेमकं रंगात आलं की पुस्तक मिटायचे: "उरलेलं उद्या." मी मटार फेकून मारायची.

या पुस्तकात एका बंगल्याचे म्हातारे मालक टबात मरून पडतात. संशय तिघांवर: माळी, पुतण्या आणि नर्स. हे म्हणायचे, "नर्स! लिहून घे माझ्याकडून." शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो आणि म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे." तिथे ह्यांनी खुणेला ड्रायक्लीनरची पावती घातली आणि म्हणाले, "उरलेलं उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेले ते बेकरीच्या रांगेतच संपले.

कोट अजून ड्रायक्लीनरकडे आहे. पुस्तक मी उघडलेलं नाही. उघडलं तर संपेल.

२५ ऑक्टोबर

तिसरी टेकडी. बूट बदलून घेतले, बूटवाल्यांच्याच दुकानातून. बिलावरचा नंबर त्यांनी मला वाचायला सांगितला, चष्मा घरी विसरले होते. माथ्यावर वजनमास्तरांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सुरुवातच केलीय." तिसऱ्यांदा सुरुवात! धांदरट माणूस आहे. पण बूट छान बसलेत.

१४ नोव्हेंबर, डोंगरावरच्या झोपडीत

आज झालं ते पहिल्यापासून लिहिते.

तीन दिवसांच्या मोठ्या चढाला आलोय. निघण्यापूर्वी वजनमास्तर एक पिवळी ताडपत्री अंथरतात. त्या ताडपत्रीवर जे ठेवाल ते सामायिक सामान: दोर, पातेलं, साखर. मग काटा लावून सगळ्यांच्या पाठीवर समान वाटायचं. या खेपेला पुस्तकही सामायिक न्यायचं ठरलं होतं. एकच पुस्तक, पाच भाग. अनाउन्सर एक जुनी कादंबरी आणणार होते.

मी ह्यांचं पुस्तक सोबत घेतलं होतं. वाचायला नव्हे. एवढे दिवस घरी एकटं कसं ठेवायचं?

"हॅलोताई, थांबा," बूटवाले म्हणाले. "डाव्या बुटाची नाडी चुकीच्या भोकातून गेलीय. उतारावर अंगठा काळा-निळा होईल." मी हातातलं पुस्तक क्षणभर खाली ठेवलं आणि वाकले. नाडी ओवून वर पाहते तो वजनमास्तरांच्या हातात सुरी! ताडपत्रीवर पुस्तकाचे पाच गठ्ठे. पावती होती तिथे तर सुरी आपसूक शिरलेली. एकशेएक टक्के माझीच चूक, नियम मला माहीत होता.

"काय झकास जाड पुस्तक आणलंत!" वजनमास्तर म्हणाले.

किंचाळायचं कसं ते आम्हाला शाळेत शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, "थँक्यू."

पहिला भाग वजनमास्तरांना, खुनाचा डॉक्टरीणबाईंना, मधला अनाउन्सरना. माझ्याकडे दिवाणखान्यापर्यंतचा, पावतीसकट. बूटवाल्यांच्या पाठीवर पातेलं होतं, म्हणून त्यांना शेवटचा, बोटाएवढाही जाड नसलेला.

पहिल्या थांब्यावर सगळे वाचत बसले आणि मग एकेकाला विचारणं सुरू झालं.

"माझे मालक सूप पिताहेत," वजनमास्तर म्हणाले. "मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुर चाललीय. गोड माणूस हो!"

"कसलं सूप? तुमचे मालक टबात मेलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"पहिलीच ओळ आहे माझी. तोंड उघडं, वरची कवळी गायब."

"अहो, पण आत्ता तर त्यांनी दुसरी वाटी मागितली!" वजनमास्तरांचा चेहरा पार उतरला.

"माळ्यानं मारलं असणार. नखांत माती आहे त्याच्या."

"माळ्याच्या नखांत माती नाहीतर काय लोणी असणार?"

अनाउन्सरनी मान जोरात हलवली. डॉक्टरीणबाई खवळल्या. "मान काय हलवता? बोला! कुणावर संशय आहे तुमचा?"

आणि अनाउन्सर बोलले. किती वर्षांनी बोलले असतील! उभे राहिले, घसा साफ केला आणि स्टेशनाच्या आवाजात म्हणाले, "पुतण्या!" समोरच्या कड्यावरून परत आलं: पुतण्या... तण्या... खाली कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागलं.

मग सगळ्यांनी बूटवाल्यांकडे पाहिलं. शेवट त्यांच्याकडे.

"सुरुवातच केलीय," ते म्हणाले.

"शेवटाची सुरुवात कशी करतात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ओढ्यापाशी मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मटार, पावती, बेकरी. म्हटलं, "खुनी कोण ते माझ्यासमोर बोलू नका, एवढंच." ते माझ्या बुटांकडे बघत होते. म्हणाले, "मी ती नाडी सांगायला नको होती." मग म्हणाले, "नाही बोलणार. चष्माही नाही आणलेला मी."

१५ नोव्हेंबर

वाऱ्यानं स्टोव्ह पेटेना. डॉक्टरीणबाईंनी पातेल्यात खोचलेले कागद घेतले आणि चहा केला. शेवट होता तो.

"मला काय ठाऊक! हलके होते आणि कोरडे होते," असं त्या रडत रडत म्हणत होत्या. मी त्यांची समजूत काढली आणि चहा प्यायले. मला शेवट नकोच होता ना? पण आता कळण्यासारखं काही उरलंच नाही. एकच गोष्ट कळायला हवी होती. नर्स होती का? ह्यांचं बरोबर होतं का?

तेवढ्यात बूटवाले म्हणाले, "मी वाचलीयत ती पानं. सगळी. सकाळी लवकर उठून."

बिनचष्म्याचं वाचलं, बिचाऱ्यांना किती त्रास झाला असेल.

वजनमास्तर एकदम ताठ झाले. "म्हणजे कागदाचं वजन गेलं, शेवट शाबूत आहे. तो बूटवाल्यांच्या डोक्यात आहे. म्हणजे बूटवाले आजपासून सामायिक सामान." आणि त्यांना खरंच ताडपत्रीवर उभं केलं. काट्याला त्यांची कॉलर अडकवून पाहिली, पण काटा तेवढा नाही.

१६ नोव्हेंबर

उतरलो. ओढा ओलांडताना शेवट भिजू नये म्हणून चौघांनी बूटवाल्यांना उचलून नेलं. मी डावा पाय धरला होता. ते खजील होऊन "अहो, अहो" करत होते. मोजा उसवलेला आहे त्यांचा.

२९ नोव्हेंबर

मंडळात फूट पडली आहे. माळीवाले पुढे चालतात, पुतण्यावाले मागे. माळीवाल्या एकट्या डॉक्टरीणबाई, पुतण्यावाले एकटे अनाउन्सर, त्यामुळे पटकन ध्यानात येत नाही. पण एकमेकांचं सूप घेत नाहीत. आपापला गठ्ठा कुणीच मला परत दिलेला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरून आणतात.

वजनमास्तर कुठल्याच बाजूला नाहीत. ते आठवड्याला एकच पान वाचतात. "माझ्या गठ्ठ्यात मालक जिवंत आहेत, हॅलोताई. पुढे गेलो की मरणार. कशाला घाई करू?" म्हणाले. मला हसू आलं. एवढा मोठा पुरुष आणि पुस्तकातल्या माणसासाठी जीव टाकतो!

सामायिक सामान असल्यामुळे बूटवाल्यांसोबत चालायची प्रत्येकाला पाळी मिळते. इतरांना ते एक अक्षर सांगत नाहीत. माझ्या पाळीला त्यांनीच विचारलं, "तुमच्या ह्यांना कोण वाटत होतं?"

"नर्स."

"हं." माझ्या बुटांच्या टाचांकडे बघितलं. "नर्सवर संशय आहे खरा. बुटांच्या टाचा एका बाजूनं झिजल्यात तिच्या. घाईघाईनं जिने उतरणारी बाई. पण तेवढ्यावरून काय सांगणार?"

मी कान झाकून घेतले. एक कान नीट झाकला नव्हता.

६ डिसेंबर

लेकीला सगळी हकिगत सांगितली. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, त्याच पुस्तकाची नवी प्रत मिळते. मी मागवते. शेवट वाच आणि सोड." मी म्हटलं, बघू.

"आणि ते बूटवाले काका कसे आहेत?"

"धांदरट," मी म्हटलं.

"सारखं त्यांचंच चाललंय तुझं."

सामायिक सामान आहेत ते. बोलणारच.

१३ डिसेंबर

ठराव झाला. पुढच्या रविवारी माथ्यावर, सगळ्यांसमोर, बूटवाल्यांनी शेवट सांगायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्या झोपा उडाल्यात. काल मी भलताच दात उपटणार होते." अनाउन्सर म्हणाले, "विलंबाबद्दल दिलगीर." वजनमास्तर म्हणाले, "सामायिक आहे, वाटायलाच हवं." आणि मान फिरवून उभे राहिले.

मी जाऊ नये असं वाटतंय. कापूस काढून ठेवला. मग आत ठेवला. मग पिशवीत टाकला.

२० डिसेंबर

गेले. कानांत कापूस घालून बसले, सगळ्यांच्या मागे.

बूटवाले ताडपत्रीवर उभे राहिले. दुकान बंद ठेवून, बुटांना पॉलिश करून आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी सुरुवात केली. मला ओठ हलताना दिसले. "खुनी याच खोलीत आहे." आणि मी कापूस काढला. का ते माहीत नाही. ह्यांनी जिथे पुस्तक मिटलं होतं नेमकं तिथून कुणीतरी पुढे निघालं होतं, मला मागे राहवेना.

"इन्स्पेक्टर म्हणाला, सगळ्यांनी आपापले बूट काढून गालिच्यावर ठेवा," बूटवाले म्हणाले. "माळ्याचे गमबूट. डाव्याला आतून ठिगळ. हा माणूस डाव्या पायावर भार देत नाही, मग शंभर किलोचा म्हातारा टबात कसा ढकलणार?"

"अरे देवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पुतण्याचे महागाचे, पण उसने. एक नंबर लहान. ज्याचे बूट चावताहेत तो दबक्या पावलांनी चालूच शकत नाही."

अनाउन्सर मटकन खाली बसले.

"नर्सचे पांढरे. टाचा झिजलेल्या, पण तळ कोरडे. आणि मग इन्स्पेक्टरला गालिच्याच्या टोकाला सहावी जोडी दिसली. खोलीत माणसं पाच."

ती सहावी जोडी कुणाची, ते शोधायला इन्स्पेक्टर शहरातल्या मोच्याकडे गेला. मोच्याची मोठी कहाणी होती, त्याच्या मेव्हण्याचीही. मधेच वजनमास्तरांनी विचारलं, "मालक खरंच गेलेत ना? डॉक्टरला दाखवलं होतं का?" बूटवाले थोडे थांबले आणि म्हणाले, "तेही पुढे येतं." वजनमास्तरांनी डोळे पुसले.

ऊन उतरायला लागलं तरी मोच्याचं संपेना. शेवटी वजनमास्तरच म्हणाले, खाली जायला हवं, उजेड राहणार नाही.

"बाकीचं पुढच्या चढाला," बूटवाले म्हणाले.

मला वाटलं होतं यांना आता बदडून काढतील. पण डॉक्टरीणबाई आणि अनाउन्सर एकाच थर्मासमधलं सूप पीत उतरले. सहावी जोडी, सहावी जोडी, एवढंच चाललं होतं.

माझ्या हातात मटार असते तर मी फेकून मारले असते.

२२ डिसेंबर

पावती घेऊन ड्रायक्लीनरकडे गेले. कोट होता. मला वाटलं तेवढा मोठा नाही तो.

१७ जानेवारी

सहावी जोडी नर्सच्या बहिणीची नाही. मोच्याच्या मेव्हण्यानं दिशाभूल केली होती. इन्स्पेक्टर आता बोटीवर आहे.

बूटवाल्यांच्या तोंडचा इन्स्पेक्टर नाकातून बोलत नाही. मी त्यांना सांगितलं, तो नाकातून बोलतो. पुढच्या वळणापासून तो नाकातून बोलायला लागला. अगदीच वेगळं नाक, पण चालेल.

आज माथ्यावर "सध्या काय वाचताय?" झालं, तेव्हा सगळ्यांनी एकाच पुस्तकाचं नाव सांगितलं. किटली न्यायला कुणी उरलं नाही म्हणून वजनमास्तरांनी ती ताडपत्रीवर ठेवली. ते सूप प्यायचं पान त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. खरंच गोड म्हातारा आहे. आमच्याकडे ते पान वाचलं गेलं, तेव्हा माझं लक्ष मटारात असावं.

७ फेब्रुवारी

लेकीनं मागवलेली प्रत आली. प्लॅस्टिकच्या वेष्टनात, नवी कोरी.

सकाळपासून टेबलावर होती. दोनदा कात्री घेऊन बसले. नर्स होती की नव्हती, दोन मिनिटांत कळलं असतं. मग आठवलं, पुढच्या रविवारी बोट बंदराला लागायची आहे. बूटवाल्यांनी निघताना तीनदा बजावलंय, "चुकवू नका हं, हॅलोताई. तुम्ही नसलात तर मला पुढचं आठवत नाही."

शेवटी वेष्टनासकट पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, शाळेत शिकवलं होतं तसं, कोपरे आत मुडपून. ह्यांच्या कोटाशेजारी कपाटात ठेवलं आणि त्याला सॉरी म्हटलं.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. बूटवाल्यांचा तो गठ्ठा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, बोटाएवढाही जाड नव्हता. तेवढ्याशा पानांत मोची, मेव्हणा, बोट, कप्तानाचे तीन जोड आणि अजून एवढं सगळं यायचं आहे. टाइप फार बारीक असणार.